पलंगाखालचा बिनतोंड्या

उसाच्या जोडट्रॉल्या रस्त्याला लागल्या की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. साताऱ्यात राहून मला वीसएक वर्षं झाली. शेताशी माझा संबंध नाही आणि उसाशी असलाच तर रसाच्या ग्लासापुरता. तरीही दिवाळी सरता सरता पहिला ट्रॅक्टर चढावर घरघरत येतो, मागच्या दोन ट्रॉल्या डुलत येतात, ड्रायव्हरनं लावलेलं गाणं गल्लीभर ऐकू येतं आणि माझी मान आपोआप ताठ होते. लेक म्हणते, "आई, तुझा हंगाम सुरू झाला." झालाच की! अभिमान वाटावा अशा गोष्टी माझ्या आयुष्यात फार नाहीत, पण जी एक आहे तिच्याबद्दल विनयानं बोलायचं मला जमत नाही आणि जमवायचंही नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा, कडेगावात, एका गळीत हंगामात मी एक यंत्र उभं केलं होतं.

परवा लेकीनं तळहाताएवढी एक काळी डबी आणली. म्हणाली, "घरातले सगळे फोटो, सगळी गाणी हिच्यात. कुठल्याही खोलीतून बघा, ऐका. वीज तर नावालाच लागते." मी म्हटलं, "हे मी तुझ्या जन्माआधी करून बसलेय." ती हसली. आयांच्या अशा बोलण्यावर मुली जशा हसतात तशी. मला रागच आला. त्या रागात हे लिहायला बसले आहे.

सांगलीला डिप्लोमा करून मी घरी आले होते आणि मोहिते सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लास म्हणजे आमच्याच गल्लीतली एक खोली. चपला बाहेर, खाली हिरवं जाजम, तीन कॉम्प्युटरांवर फुलाफुलांची कव्हरं, आणि सकाळी शिकवणीआधी तिघांनाही उदबत्ती. हंगामात कारखान्याकडून वारा आला की मळीचा आंबूस वास खोलीत भरायचा आणि कीबोर्डवर काळी राख बसायची. रोज सकाळी मी ती दाढीच्या ब्रशनं झाडायची. कोपऱ्यात एक जुना, मुलांनी टाकून दिलेला कॉम्प्युटर होता. त्याच्यावर नवीन खेळ चालत नाहीत, म्हणून तो मेलेला, असं मुलांचं मत. सर म्हणाले, "ने जा तुला पाहिजे तर. नाहीतर भंगारवाला येतोयच." मी तो पोत्यात गुंडाळून घरी आणला. कशासाठी आणला ते तेव्हाच माझ्या डोक्यात होतं.

कारण घरी दादा होते. दादा म्हणजे माझे थोरले चुलते. पंचवीस वर्षं त्यांनी गायन पार्टी चालवली. एक पेटी, एक ढोलकी, टाळ, दोन मागं सूर धरणारे आणि मध्ये दादा. एप्रिलात जयंती आली की महिनाभर ही पार्टी गावोगावच्या आमच्या वस्त्यांवर असायची. मी लहान असताना त्यांच्या मागं हिंडले आहे. दादांचा आवाज माईकशिवाय ओढ्यापलीकडं जायचा. मग घशाचा आजार झाला, मिरजेला ऑपरेशन झालं, आणि आवाज गेला तो गेलाच. दादा गळ्याला मफलर गुंडाळून ओट्यावर बसू लागले. हातात शाळकरी पाटी. बोलायचं असलं की लिहायचे, राग आला की पाटीवर बोटं आपटायचे.

त्यांच्या आवाजाचं जे काही जगात उरलं होतं ते एका लोखंडी ट्रंकेत होतं. बत्तीस कॅसेटी. कुणीकुणी टेपरेकॉर्डर समोर ठेवून केलेलं ध्वनिमुद्रण. प्रत्येकीवर दादांच्या अक्षरात फक्त गावाचं नाव: खंडाळा, कडेगाव, कोयनानगर. पूर्वी त्या चाळीसच्या वर होत्या. लोक ऐकायला न्यायचे आणि परत द्यायचे नाहीत. एकदा तर एका पाहुण्याच्या पोरानं त्यावर सिनेमाची गाणी भरून आणून दिली. त्या दिवसापासून दादांनी ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. आता कॅसेट कुणालाच नाही. पण कुलपातही कॅसेट सुखरूप राहत नाही. फितीवर पांढरी बुरशी धरली होती. वाजवली की टेपच्या तोंडाशी तपकिरी भुकटी साठायची. माझ्या हिशेबानं प्रत्येक फितीत एखाददुसऱ्या वेळेपुरताच जीव उरला होता. त्या वेळेत आवाज काढून घेतला तर घेतला, नाहीतर गल्लीतल्या लहान पोरांना दादा म्हणजे पाटीवर बोटं आपटणारा म्हातारा, एवढंच कळणार होतं. मला ते सहन होईना.

म्हणून ठरवलं, एकदाच वाजवायच्या, क्लासच्या चांगल्या कॉम्प्युटरवर भरून घ्यायच्या, आणि मग सगळं त्या भंगारातल्या यंत्रात ठेवायचं. तारेनं ते यंत्र गल्लीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरांना जोडायचं. ज्याला ऐकायचं त्यानं आपल्या जागेवरून ऐकावं, कॅसेटीला कुणाचा हात लागू नये. क्लासच्या कॉम्प्युटरात ठेवून भागलं नसतं. तिथं मुलं आठवड्याला काहीतरी पुसून ठेवायची.

दादांना हे समजावायला मला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि पाटीवर लिहिलं, 'एकीला जरी काय झालं तर बघ.'

इथून पुढचं श्रेय आप्पांचं. आप्पा म्हणजे माझे वडील. नोकरी सगळी कोयनानगरला, प्रकल्पाच्या वसाहतीत वायरमन. निवृत्त होऊन गावी आले तर इथं रोज लाईट जायची. आप्पा अंधारात बसून म्हणायचे, "जल्मभर दुसऱ्याच्या घरात उजेड पाडला गड्या, आन् आमच्यात चिमणी!" माझं यंत्र बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वायरमनचाच.

"आगं, ह्ये खातंय किती?"

मी म्हटलं, "आप्पा, ह्ये सतत चालू ठेवायचं हाय. लाईट गेली तरी."

"मग ह्याचं खाणं तोडाय पायजे."

दोन दिवस आप्पा त्या यंत्रापुढं मांडी घालून बसले. मीटर लावायचे, एक भाग काढायचे, पुन्हा मीटर बघायचे. पडदा काढला. "कामाला हात लागत्यात, त्वांड कशाला?" सीडीचा खण काढला, आवाजाचं कार्ड काढलं, जादा पंखा काढला. शेवटी उरला पत्र्याचा एक डबा, ज्याला ना तोंड, ना आवाज. तो एका लहान दिव्याएवढीच वीज खात होता. जुन्या जीपची बॅटरी आणि आप्पांनी स्वतः गुंडाळलेला इन्व्हर्टर जोडला. लाईट गेली, गल्ली अंधारली, आणि डब्यावरचा हिरवा ठिपका तसाच. आप्पांनी मांडीवर थाप मारली. त्या डब्याला 'बिनतोंड्या' हे नाव त्यांनीच दिलं.

बिनतोंड्या पलंगाखाली जमिनीवर राहिला, घडी केलेल्या वाकळेवर. मी फळीवर ठेवत होते तर आप्पा ओरडले. कोयनेच्या वसाहतीत राहिलेला माणूस कुठलीच जड वस्तू उंचावर ठेवत नाही. जमीन कवा हलेल सांगता येत नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. आमच्या घरात एवढ्या मानाची जागा दिलेली एकच वस्तू होती, ती पलंगाखाली होती, आणि गंमत अशी की साऱ्या गल्लीची गाणी जिथं साठवायची त्या घरात एकही गाणं ऐकू येत नव्हतं, कारण डब्याला आवाजच नव्हता.

त्याच्या पोटात मी त्याआधीच, पडदा आणि सीडीचा खण असतानाच, कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स भरलं होतं, एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचं. मला शिकवणारं कुणी नव्हतं. सांगलीहून पुस्तक आणून, चुकत, पुन्हा भरत, अकराव्या वेळी ते उभं राहिलं. तारेची अडचण होती ती केबलवाल्या बबननं सोडवली, म्हणजे आधी वाढवली. त्याची कंट्रोल रूम क्लासच्या भिंतीला लागून. "ताई, वायर न्हवं का? ही घे की, घरोघरी हीच हाय," म्हणून त्यानं टीव्हीची केबल दिली. दिसायला तीच काळी जाड तार. पण कॉम्प्युटरला लागते ती वेगळ्या जातीची. चार दिवस सगळं मध्येच अडकायचं, मध्येच चालायचं, आणि मी माझ्याच डोक्याला दोष देत होते. खरी तार सांगलीहून आणली तेव्हा पत्र्यावरून, लिंबाच्या फांदीवरून ती ओढायला बबनच चढला, चूक भरून काढायला.

मग कॅसेटी. दुपारी क्लास रिकामा असायचा. मी स्पिरिटच्या बोळ्यानं टेपचं तोंड पुसायची, पेन्सिल घालून फीत ताणून घ्यायची आणि बटण दाबून श्वास धरून बसायची. स्पीकरमधून खरखर, मग माणसांचा गलबला, लांबून कुत्रं, कुणीतरी खाकरलेलं, आणि मग दादा.  बाहेर उसाच्या गाड्या जात, खिडकीची काच थरथरे, आणि मी एकटी त्या खोलीत रडत-हसत बसलेली असे.

आता माझी चूक सांगते. बिनतोंड्याच्या पोटात जागा कमी, बत्तीस कॅसेटी मावेनात. म्हणून मी काटकसर केली. गाण्याच्या आधी दादा बराच वेळ बोलायचे, ते मी कापलं. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, तिच्यातला नको तो तुकडा निवडायचा आणि पुसायचा. गाणी तेवढी ठेवली, छान एकापाठोपाठ एक. मूळ ध्वनिमुद्रणही पुसलं, कारण क्लासच्या कॉम्प्युटरातही जागा नव्हती. अशा अकरा कॅसेटी झाल्या. मला वाटत होतं, मी सोनं पाखडून ठेवते आहे.

दादांना ऐकायला क्लासमध्ये बसवलं. पहिलं गाणं झालं, त्यांचे डोळे मिटलेले, बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. दुसरं गाणं लगेच सुरू झालं तशी बोटं थांबली. तिसऱ्याला त्यांनी हात वर केला. पाटी घेतली.

'नावं कुठायत?'

मी म्हटलं, "कसली नावं, दादा?"

त्यांनी पाटी एवढ्या जोरानं पुसली की खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं लिहिलं, 'गाणी कुनीबी गाईल. नाव कोन घेतंय?'

तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते. दादांची रीतच होती. प्रत्येक गाण्याआधी ते नावं पुकारायचे. आजचा मांडव कुणाच्या दारात आहे, भाकरी कुणी थापल्या, पेटी डोक्यावर कुणी आणली, बत्तीला हवा कोण मारतंय. आणि प्रत्येक नावाच्या आधी आयुष्मान, बाईच्या आधी आयुष्मती. 'आयुष्मती गजराबाई यांनी पन्नास माणसांची भाकरी एकट्यानं केली, मंडळी, ऐका.' ज्या गजराबाईला गावात 'गजरे' याशिवाय दुसरी हाक नव्हती, जिचा नवरा बाळू नव्हे, बाळ्या होता, त्यांची नावं दादा माईकवर असं घ्यायचे की पलीकडच्या आळीतही ऐकू जावं. लहानपणी मी ते शंभरदा ऐकलं होतं आणि ती प्रस्तावना समजून कंटाळले होते. शिकलेली मी. जागा वाचवायला नेमकी माणसं पुसून बसले.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. आप्पा एवढंच म्हणाले, "चुकलं तर चुकलं. फिती हायत का जाग्यावर? मग पुन्ना लाव."

पुन्हा लावायचं म्हणजे त्या फितींना दुसऱ्यांदा पळवायचं. मी सांगलीला जाऊन मोठी डिस्क आणली, पहिल्या पगारातून घ्यायचं ठरवलेलं घड्याळ राहिलं. दुसऱ्या दुपारपासून दादा स्वतः माझ्याशेजारी बसू लागले. एकेक फीत संपे तसा दोघांचा श्वास सुटायचा. दहा कॅसेटी निघाल्या, नावांसकट, कुत्र्यांसकट. अकरावी कोयनानगरची. सुरू झाली असेल नसेल, आवाज जाड झाला, लांबला, आणि टक्क झालं. फीत आत गुंडाळून चुरगळली. मी स्क्रू काढून चिमट्यानं सोडवायला गेले तर ती माझ्या बोटांत भुगा होऊन आली. कोयनानगरची गाणी माझ्याकडं आधीची होती. नावं मात्र माझ्या हातानं गेली.

मला वाटलं दादा आता पाटी फोडतील. त्यांनी ती कॅसेट हातात घेतली, नावाच्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि लिहिलं, 'तुझ्या बापाला बोलीव.' कारण तो कार्यक्रम आप्पांच्याच क्वार्टरपुढं झालेला, आप्पा यजमान. मग चार दुपारी हे दोघं भाऊ ओट्यावर बसून माणसं आठवत होते. एक बोलून, एक लिहून. मधे मी, वही घेऊन.

"भाकरी आपल्या हिच्या, आन् शेजारच्या शेवंताच्या," आप्पा म्हणायचे.

दादा मान हलवत लिहायचे, 'तिसरी व्हती.'

"तिसरी कोन? न्हवती रं!"

पाटीवर बोटं आपटली जायची. 'हिरवं लुगडं.'

"हिरवं लुगडं… आवं व्हय! सोनाबाई! लय तिखट हात तिचा. बघ पोरी, ल्ही, सोनाबाई."

ढोलकीवाल्याच्या बापाचं नाव दोन दिवस सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता आप्पांना आठवलं आणि ते तोंडात राखुंडी तशीच घेऊन ओट्यावर पळत आले. सतरा नावं झाली. एकाचंही आडनाव, गाव चुकू दिलं नाही दोघांनी. बांध घालणारे, बोगदा खणणारे, घाटात डांबर टाकणारे, झाडूकाम करणारे. त्यातली निम्मी माणसं तेव्हाच नव्हती. आता तर आप्पाही नाहीत आणि दादाही नाहीत, पण ती सतरा नावं मला तोंडपाठ आहेत.

उरलेल्या एकवीस कॅसेटीही नावांसकट भरून झाल्या. जयंतीच्या दिवशी बबननं क्लासच्या कॉम्प्युटरला आपली वायर जोडली आणि ज्या ज्या घरी केबल होती तिथं टीव्हीतून दादा गाऊ लागले. पडद्यावर नुसतं एक निळं फूल आणि खाली गावाचं नाव. भर दुपारी लाईट होती, हे नशीब. पण मधे पंधरा मिनिटं गेलीच. बबननं जनरेटर ओढला, क्लासमध्ये आप्पांची दुसरी बॅटरी होती, आणि आमच्या पलंगाखाली बिनतोंड्यानं डोळाही मिटला नव्हता. लाईट आल्याबरोबर गाणं पुढं चालू. कोयनेतही आमच्या शेजारीच राहिलेली शेवंताकाकू दारात येऊन म्हणाली, "आगं, टीव्हीत माझं नाव घेतलं की गं! आयुष्मती म्हनलं!" आणि पदरानं तोंड झाकून हसत राहिली. ती संध्याकाळपर्यंत घरोघर हे सांगत फिरली. मी त्या दिवशी नवी साडी नेसले होते आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत होते, हे मी केलंय म्हणून. कडेगावात असं यंत्र दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हतं. जिल्ह्यात होतं का, हे मला माहीत नाही, पण तेव्हा मी 'जिल्ह्यात नाही' असंच सांगत होते.

शेवंताकाकूनं आपलं नाव ऐकलं ते मात्र दादांच्या आवाजात नव्हतं. ते होतं माझ्या आवाजात, आणि मनातला माझा हंगाम ते भरलं त्या दुपारीच संपतो, जयंतीच्या चार दिवस आधी. कारखान्याचा पट्टा पडून गाळप थांबलं होतं, रस्ता मोकळा, मळीचा वास विरत चाललेला. सतरा नावं कुणीतरी म्हणायला हवी होती. आप्पा काही केल्या माईकपुढं बसेनात. दादांनी माझ्याकडं बोट केलं.

क्लासचं दार लावलं, पंखा बंद केला. मी वही धरली आणि वाचू लागले. आधी आप्पांचं, आयुष्मान लावून, यांच्या दारात मांडव. आयुष्मती शेवंताबाई, आयुष्मती सोनाबाई, भाकरी.  माणसं पुसणारी मीच, आणि परत बोलावणारीही मीच. सतरावं नाव झालं. वही संपली. आणि मला दिसलं की या वहीत, किंबहुना बत्तीसच्या बत्तीस कॅसेटींत, एक नाव कुठंच नाही. पंचवीस वर्षं जो सगळ्यांची नावं पुकारत होता त्याचं कुणी कधी पुकारलंच नव्हतं. बटण चालूच होतं. मी वही खाली ठेवली आणि म्हटलं, "आणि गाणार आहेत आयुष्मान धोंडिराम संतू कांबळे."

गावात त्यांना धोंड्याच म्हणायचे. घरात दादा. आयुष्मान धोंडिराम हे मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते, माझ्याच तोंडून. आप्पांनी तोंड फिरवलं. दादांनी पाटी ओढली आणि घाईघाईनं लिहिलं, 'माझं काढ.'

मी मान हलवली. "न्हाई काढायची."

 दादांनी पाटी मफलरच्या टोकानं पुसली, हळूहळू, कोपरा न कोपरा. पुन्हा लिहायला घेतलं आणि माझ्यापुढं धरलं.

'मग मोठ्यानं घे. आन् माईक तोंडात घालू नगं.'

मी वीतभर मागं सरले, छाती भरून श्वास घेतला आणि ते नाव पुन्हा घेतलं.